दोन नंबर खाली न्हाई

॥ श्री ॥

सिरसाळा
१८ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. रोहिणी हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोन येऊन गेला असं तुझ्या वहिनीने सांगितलं. ती मला द्यायला माळ्यावर आली होती, पण मीच हात जोडले. फोन जवळ नेला की उजव्या कानातलं यंत्र शिट्टी मारतं. डावा कान तर नवव्या वर्षी गालगुंडात गेला, ते आई आणि तू सोडून मी कुणाला सांगितलं नाही. आता दोन्ही गेल्यावर लोक म्हणतात वयाने गेले, आणि मी मान डोलावतो. मोबाइलवर अंगठ्याने लिहायला बसलो की दोन ओळींत मान दुखते. तेव्हा तुला पत्रच वाचावं लागणार. अक्षर लावून घे, जन्मभर पोरांच्या वह्या तपासल्या आहेस.

बातमी अशी की माझी रेल्वे पुरी झाली. बीडला खरी गाडी आली तेव्हा तू स्टेशनावर जाऊन पेढे वाटलेस. सिरसाळ्याला ती येईल तेव्हा येईल, माझी मात्र आली. कापसाच्या जुन्या गोदामाच्या माळ्यावर बावीस फूट फळ्या ठोकून चार स्टेशनं केली आहेत. गाडीचा एक डबा वीतभर. शेतातलीच काळी माती चाळून डिंकाने चिकटवली, आणि ज्वारीची धसकटं केरसुणीच्या काड्यांची केली. मालगाडीच्या डब्यांत, म्हणजे वाघिणींत, कोळसा म्हणून मोहरी भरतो. तुझी वहिनी हल्ली फोडणी टाकायची वेळ झाली की खालून मालगाडीची चौकशी करते.

१४ डिसेंबरला, रविवारी, पहिली ड्युटी ठेवली आहे. पुण्याचा प्रविण म्हणून एक इंजिनिअर मुलगा याच नादाचा आहे. तो आणि लातूर-पुण्याकडचे सात जण येणार. नुसत्या गाड्या गरगर फिरवायचा हा खेळ नव्हे बरं. वेळापत्रक असतं, प्रत्येकाला काम नेमून दिलेलं असतं. कुणी स्टेशन मास्तर, कुणी ड्रायव्हर, कुणी सांधे बदलणारा. पुढची लाइन मोकळी आहे असं विचारून घेतल्याशिवाय गाडी हलवायची नाही, आणि चूक झाली की रजिस्टरात कारणासकट लिहायची. सहा तास असं चालतं. निरोप मी चिठ्ठ्यांवरून पाठवायचे ठरवले आहेत. पाहुण्यांना सांगितलं की ही जुनी पद्धत आहे. खरं कारण तुला सांगायला नको.

तू आणि जावईबापू दोघं या. स्वयंपाकाला नको, नुसतं खुर्चीवर बसून भावाचं कौतुक करायला या. सोबत फोटो जोडला आहे. वहिनीने तुला मुगाचे लाडू करून ठेवले आहेत, ते मी संपवायच्या आत येणं बरं.

पत्र लावून वाचण्याइतका लोभ टिकवावा.

तुझा
दादा


बीड
२४ नोव्हेंबर २०२५

ती. दादांस,
रोहिणीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. अक्षर लागलं, पण शुद्धलेखनाचे चार गुण कापले आहेत. यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नेमकं १२ डिसेंबरला ठरलं आहे, त्यामुळे आमचं येणं होत नाही. लाडू खुशाल संपवा, वहिनीला मी वेगळे करायला सांगेन. चौसष्टाव्या वर्षी माणूस गोदामात मोहरीच्या मालगाड्या चालवतो, हे मी इथे शेजारी सांगितलं तर आधी हसले आणि मग येऊन बघता येईल का म्हणून विचारू लागले.

फोटो मी यांच्या भिंगाखाली धरून पाहिला. परळी ओळखलं, सिरसाळा ओळखलं. तिसऱ्या स्टेशनाला पाटीच नाही. पण पत्र्याची कॅबिन, बाजूचं कडुनिंबाचं झाड, दारातली बादली आणि सांधे बदलायच्या लिव्हरची रांग पाहिली आणि मी कुठे आहे ते मला कळलं. तुम्ही तिथे स्टेशन मास्तर असताना वहिनीच्या पहिल्या बाळंतपणाला मी दोन महिने राहिले होते. तुमचे पॉइंट्समन हरिबाभाऊ रोज सकाळी आपल्या बायकोने, रतनबाईंनी दिलेलं बकरीचं दूध घेऊन यायचे, आणि दारातूनच ओरडून सांगायचे की दूध ठेवलंय, ठेवलंय. सगळं दोनदा बोलायची त्यांना सवय होती.

दादा, तुम्ही सगळ्या स्टेशनांत बोटाएवढी माणसं उभी केली आहेत. झाडाखाली मेंढरंसुद्धा आहेत कापसाची. त्या एका कॅबिनमध्येच कुणी नाही. हरिबाभाऊंना बोलावलं आहे का? त्यांची वाडी तुमच्यापासून नऊ किलोमीटरवर. अपघातानंतर तुमच्या तोंडून मी त्यांचं नाव ऐकलेलं नाही, आणि आम्ही कुणी काढलं तर तुम्ही उठून जाता.

रागावू नका, पण पुष्कळ वर्षं मनात आहे ते विचारते. त्या दिवशी फोन कोणत्या कानाला होता?

वहिनीला नमस्कार. माझ्यावर आजवर केलीत तेवढीच माया हे पत्र वाचून झाल्यावरही असू द्यावी.

आपली
रोहिणी


सिरसाळा
२९ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. रोहिणी हिस,
अनेक आशीर्वाद.

डाव्या.

हे आधी लिहून टाकलं म्हणजे पुढचं लिहिता येईल. तीन दिवस कागद पुढे घेऊन बसत होतो आणि ऑपरेशनची विचारपूस करून उठत होतो.

उजव्या हाताने मी रजिस्टर लिहीत होतो आणि फोन डाव्या खांद्यात धरला होता. ९६ सालचा मे महिना, दुपारची अडीचची वेळ. दोन नंबरच्या रुळावर काही वाघिणी होत्या, त्या सकाळच्या इंजिनाने ओढून न्यायच्या होत्या. त्यातल्या चार मागे राहिल्या होत्या हे मला माहीत नव्हतं. माझ्या खोलीतून ती बाजू दिसत नसे, हरिबाच्या कॅबिनमधून दिसे. म्हणून तर त्याला विचारायचं असतं. मालगाडी बाहेर येऊन उभी होती. मी फोनवर, दोन नंबरचा रूळ रिकामा आहे ना, असं त्याच्याच बोलीत विचारलं, दोन नंबर खाली हाय का? लाइनवर खरखर होती. तो काहीतरी बोलला. मला शेवटचा अर्धा शब्द आला. तो हाय होता की न्हाई होता, मला कळलं नाही.

काय, म्हणून पुन्हा विचारायला किती वेळ लागला असता? पण खिडकीशी तिकिटाला माणसं उभी होती, आणि दोनदा विचारलं की सगळे माझ्या तोंडाकडे बघतात असं मला तेव्हा वाटायचं. नोकरीच्या तपासणीत डॉक्टर मागे उभं राहून आकडे पुटपुटत, ते मी समोरच्या कपाटाच्या काचेत ओठ बघून सांगत असे. अशी नोकरी केली मी. मी ठीक म्हणालो आणि सिग्नल दिला.

सिग्नल पडलेला बघून हरिबा लाल झेंडी घेऊन अनवाणी पळत सुटला. ड्रायव्हरने ब्रेक लावले म्हणून गाडी नुसती जाऊन आदळली. मदतनीस ड्रायव्हरचा हात दोन ठिकाणी मोडला, बाकी कुणाला काही झालं नाही. हरिबा पळाला नसता तर काय झालं असतं याचा विचार मी आजही पुरा करत नाही.

चौकशीत साहेबांनी मला विचारलं, पॉइंट्समनने काय सांगितलं? मी म्हणालो, खाली हाय असं सांगितलं. मग हरिबाला बोलावलं. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, “म्हणालो आसंन, साहेब.” त्याच्या हातून लिव्हर गेला. त्याला गँगमध्ये टाकलं, आणि पुढची एकवीस वर्षं तो उन्हात रुळांवर घन मारत होता. मी सहा महिन्यांत अर्ज करून परळीच्या ऑफिसात खुर्चीवर बसलो. माझ्या कानाचं त्याला माहीत होतं की नाही हे मला आजही माहीत नाही.

आता तू सांग त्याला कसं बोलावू. बोलवायचं तर आधी हे सांगावं लागेल, आणि माझी छाती होत नाही. न सांगता बोलावून कोणत्या तोंडाने त्याच्या हातात पुन्हा लिव्हर देऊ? त्याची कॅबिन मी हौसेने केली, झाडाची पानं चिमट्याने लावली, आणि आत माणूस बसवताना हात थांबला. पाटीही लिहून ठेवली आहे, ती खणात आहे.

हे पत्र फाडून टाक. वाचलंस तरी माझ्यावरचा लोभ कमी करू नकोस असं म्हणायला आज तोंड नाही.

दादा


बीड
५ डिसेंबर २०२५

ती. दादांस,
रोहिणीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र फाडलं नाही. माझ्या लग्नातल्या ट्रंकेत ठेवलं आहे.

मला तुमचा राग आला हे लपवत नाही. दोन दिवस मी यांच्याशीसुद्धा धड बोलले नाही. राग तुमच्या कानाचा नाही, तो तर बिचारा गालगुंडात गेला. तुम्ही चौकशीत बोललात त्याचाही कदाचित विसर पडेल, तेव्हा लेक पाच वर्षांची होती, नोकरी गेली असती. पण नंतर एकोणतीस वर्षं नऊ किलोमीटर गेला नाहीत, ते कशात बसवू? आणि मी स्वतःला तरी काय म्हणू? तुमचा कान मला ठाऊक होता. चौकशीचं ऐकलं त्याच दिवशी माझ्या मनात आलं होतं, आणि मीही गप्प बसले.

आता माझा अपराध ऐका. काल गुरुवारी मी कपिलधारला गेले होते. येताना मांजरसुंब्याला जीप चहाला थांबली, तिथे समोरच्या बाकावर हरिबाभाऊ आणि रतनबाई बसलेले. त्यांनी मला ओळखलं, मी त्यांना ओळखायला वेळ लावला. केस पांढरे झालेत आणि खांदे खाली आलेत. तुमची रेल्वे, स्टेशनं, लिव्हर, सगळं सांगितलं. त्यांनी इतकं बारीक विचारलं की रतनबाई हसायला लागल्या. आणि मग माझ्या तोंडून गेलं की दादांनी तुम्हाला १४ तारखेला मुद्दाम बोलावलंय, कॅबिन तुमच्यासाठीच ठेवलीय. त्यांनी चहाचा कप बाकावर ठेवला. मग म्हणाले, “मास्तरांनी बोलावलंय व्हय? येतो की.”

खोटं बोलले. ते खरं करणं आता तुमच्याकडे आहे. ते येतील तेव्हा आधी एका बाजूला नेऊन सांगा, मग लिव्हर द्या. माझ्या मायेचं म्हणाल तर ती आहेच, जराशी रुसलेली आहे.

आपली
रोहिणी


सिरसाळा
१५ डिसेंबर २०२५

चि. सौ. रोहिणी हिस,
अनेक आशीर्वाद.

जावईबापूंचा डोळा बरा आहे असं वहिनीकडून कळलं, फार बरं झालं. थेंब वेळेवर घालत जा.

काल सगळे आले. हरिबा सर्वांच्या आधी आला, साडेआठलाच. इस्त्रीचा पांढरा शर्ट, नवं धोतर, आणि हातात दुधाची बरणी. वहिनीने त्याला ओवाळायचंच बाकी ठेवलं. मी त्याला जिन्यापाशी थांबवलं. तुझं ऐकून एका बाजूला न्यायचंच होतं. हरिबा, एक बोलायचंय, इथपर्यंत मी म्हणालोही. तेवढ्यात प्रविणची गाडी दारात आली, आणि खरं सांगतो, मला सुटल्यासारखं झालं. मी म्हणालो, नंतर बोलू.

प्रविणने माझ्यासाठी म्हणून एक भेट आणली होती. जुने हँडलचे फोन, स्वतः दुरुस्त केलेले, आणि ते त्याने चारही स्टेशनांना जोडले. म्हणाला, सर, चिठ्ठ्या कशाला, तुमच्या काळातला खराच आवाज ऐकू या. त्याच्या तोंडावरचा आनंद पाहून मला नाही म्हणता आलं नाही. वर त्यांच्या खेळात नियम असा की स्टेशन मास्तराला टेबल दिसता कामा नये, त्याने फोनवर विचारूनच सिग्नल द्यायचा. म्हणून माझ्या खुर्चीपुढे वहिनीची चादर टांगली. तिसऱ्या स्टेशनाचा मास्तर मी आणि कॅबिनला हरिबा, ही जोडी प्रविणनेच लावली. त्याला काही माहीत नाही.

दोन तास चांगले गेले. हरिबाने लिव्हरला हात लावला तेव्हा मी चादर बाजूला करून पाहिलं. एवढ्या-एवढ्या पितळेच्या काड्या त्या, पण तो त्यांना पाय रोवून ओढत होता, आणि ओढून झाल्यावर जुन्या सवयीप्रमाणे खांद्यावरच्या फडक्याने पुसत होता.

साडेअकराला लातूरचे आसाराम, ते निवृत्त गार्ड आहेत, त्यांची मोहरीची मालगाडी सिग्नलबाहेर आली. मी फोन फिरवला आणि विचारलं, दोन नंबर खाली हाय का? बाजूला चहाचे कप वाजत होते. यंत्राने शिट्टी मारली. हरिबा काहीतरी बोलला.

रोहिणी, मी पुन्हा ठीक म्हणालो. एकोणतीस वर्षांनी, सुखवस्तू म्हातारा, नोकरी जायची भीती नाही, साहेब नाही, चौकशी नाही. तरी काय म्हणून विचारता आलं नाही. आठ माणसं मला सर सर म्हणत होती, तेवढ्यासाठी. मी सिग्नलचं बटण दाबलं. मग पलीकडे आदळल्याचा आवाज झाला, तो मात्र मला स्वच्छ ऐकू आला.

सगळे हसले. वाघिणी आडव्या झाल्या, मोहरी टेबलभर. प्रविण रजिस्टर घेऊन विचारू लागला की कारण काय लिहायचं. मी चादरीमागे उठून उभा राहिलो होतो. मी बाहेर यायच्या आधी हरिबाचा आवाज आला, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असा: “लिवा, पाइंटमनची चूक. म्याच हाय म्हणालो.” लोकांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या, काय खिलाडू म्हातारा आहे म्हणून. आणि मी चादरीमागेच उभा राहिलो. बाहेर आलो तेव्हा तो एकेक मोहरीचा दाणा वेचून वाटीत टाकत होता. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही.

जेवून, वहिनीला नमस्कार करून तो चारला गेला. नंतर बोलू म्हणालो होतो, त्याने विचारलं नाही. मला स्वतःची शिसारी आली आहे. आज त्याला पत्र लिहितो. तोंडाने जमत नाही हे आता दोनदा सिद्ध झालं.

लोभ ठेवायचा की नाही हे मी तुझ्यावर सोडतो.

दादा


सिरसाळा
१५ डिसेंबर २०२५

श्री. हरिबा यांस,
सोमेश्वरचा नमस्कार.

आजवर तुला तू म्हणत आलो, पण लिहायला बसलो तर हात वळत नाही. तुम्हीच लिहितो.

माझा डावा कान लहानपणापासून बंद आहे. ९६ साली तुम्ही फोनवर जे सांगितलंत ते मला ऐकू आलं नव्हतं. मी पुन्हा विचारलं नाही. तुम्ही न्हाई म्हणाला होता याबद्दल मला कधीच शंका नव्हती, कारण वाघिणी समोर दिसत असताना तुम्ही हाय म्हणणारे नाही. तरी साहेबांपुढे मी खोटं बोललो आणि शिक्षा तुम्ही भोगलीत. काल माझ्याच घरात तेच पुन्हा झालं आणि मी पुन्हा गप्प राहिलो.

क्षमा करा असं लिहायचा मला हक्क नाही, तरी लिहितो. तुम्ही काय म्हणाल ते मान्य आहे. रतनबाईंना माझा नमस्कार सांगा, त्यांच्या दुधावर माझी लेक वाढली. या पत्रानंतर लोभ राहील अशी आशा धरत नाही.

सोमेश्वर


वाडीवरून
ता. २८-१२-२५

मास्तर यांना हरिबाचा राम राम.

पत्र मिळालं. दोन येळा वाचलं. अक्षर वंगाळ हाय, सातवीच शिकलो, संबाळून घ्या. उत्तराला उशीर झाला कारन मेंढरं तिकडं माळावर व्हती. तुमी मला तुमी म्हणलात, ते वाचून वाटलं दुसऱ्याच कुनाचं पत्र आलं. तू म्हणा.

तुमच्या कानाचं मला पैल्या म्हैन्यातच कळलं व्हतं. डाव्या अंगानं कुनी आलं तर तुमी वळून बगत नव्हता. म्हनून मी फोनवर समदं दोनदा म्हनायचो. दोन नंबर खाली न्हाई, न्हाई. तो दुसरा न्हाई तुमच्या कानासाठी व्हता. मंग तीच सवय लागली, घरीबी दोनदा बोलाया लागलो, रतनबाई हसायची.

आता तुमाला ठाव न्हाई ते सांगतो. आपघाताच्या आदल्या दिशी तुमी मला तिकिटाच्या खिडकीपुढं समद्या लोकांसमोर झापलं. म्हणालात, एकदा सांगितलेलं कळतं मला, भैरा समजतोस काय बे? तुमाला याद नसंल. मला लई लागलं. तुमच्याचसाठी दोनदा बोलायचो आन तुमी मलाच बोललात. दुसऱ्या दिशी तुमी फोनवर इचारलं तवा मी मनात म्हणलं, घ्या मंग, एकदाच सांगतो. एकदाच म्हणालो, खाली न्हाई, आन फोन ठिवला. सिग्नल पडला तवा कळलं, तुमाला ऐकू गेलं न्हाई. पळालो ते त्याच्यापायीच पळालो.

साहेबांपुढं तुमच्या कानाचं सांगितलं आसतं तर तुमची नोकरी गेली आसती. तुमाला वाटत आसंल हरिबा लई मोठ्या मनाचा. तसं न्हाई मास्तर. माझ्या पोटात पाप व्हतं. रुसून एकदाच म्हणालो, हे कुनाला सांगू? म्हनून म्हणालो आसंन म्हणलं. गँगीत घन मारताना तुमचा राग यायचा आन माझाबी यायचा.

शिक्षेचं मला येवढं वाटलं न्हाई. पर वाडीवरून रोज जीप जाती, तुमी कवा उतरला न्हाईत. रतनबाई तीन म्हैने आजारी व्हती तवाबी न्हाई. का म्हनून येत न्हाईत, ते कळत नव्हतं. आता कळलं.

त्या रविवारी मी मुद्दाम एकदाच म्हणालो. बगावं म्हणलं, आता तरी मास्तर इचारत्यात का. तुमी ठीक म्हणालात. मोहरी सांडली तवा हसूबी आलं आन वाईटबी वाटलं. चूक माझी म्हणालो ती सवयीनं म्हणालो.

तुमची माफी मी घेतली, माझीबी तुमी घ्या. पर ती घरात पेटीत ऱ्हाईल. चूक लिवलीय ती रजिस्टरात, तिथं माझं नाव हाय. ते समद्यांसमोर नीट करा, मंग मी येतो. आन ऐकू न्हाई आलं तर काय म्हणा, मास्तर. तवाबी येवढंच म्हणायचं व्हतं.

आमचा लोभ हाय तसा हाय, तुमचा तेवडा रस्त्यानं येऊ द्या.

हरिबा


सिरसाळा
२७ जानेवारी २०२६

चि. सौ. रोहिणी हिस,
अनेक आशीर्वाद.

तू लेकीकडे नाशिकला आहेस असं कळलं, म्हणून पत्र तिकडे पाठवतो. नातीला माझ्याकडून एक पापा. हरिबाचं पत्र मी तुला पाठवलंच होतं. ते खिडकीपुढचं बोलणं मला खरंच आठवत नव्हतं. माणसाला एवढं लागेल असं बोलायचं आणि विसरून जायचं, हाही माझाच गुण.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी वहिनीला घेऊन वाडीवर गेलो. जीपमधून उतरलो तर हरिबा मेंढरांना पाणी पाजत होता. रतनबाईंनी तिळगूळ दिला आणि म्हणाल्या, वाट चुकलात का? मी म्हणालो, चुकलो होतो. यापुढचं तुला लिहीत नाही, तुला रडू येईल आणि अक्षर लागणार नाही.

परवा रविवारी, २५ तारखेला, दुसरी ड्युटी झाली. तेच आठ जण आले. गाड्या सुरू व्हायच्या आधी मी रजिस्टर उघडलं आणि सगळ्यांना जवळ बोलावलं. १४ डिसेंबरच्या ओळीवर रेघ मारली आणि बाजूला लिहिलं की चूक पॉइंट्समनची नव्हती, स्टेशन मास्तरांची होती. मग ९६ सालचंही सांगितलं, कान, फोन, चौकशी, सगळं.  या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आसाराम स्वतः रेल्वेत होते, ते खाली बघत राहिले. प्रविण स्टेशनांचे फोन काढून टाकायला निघाला, तर हरिबानेच त्याला थांबवलं.

हलकं वाटलं का म्हणून विचारशील. नाही वाटलं. एकवीस वर्षं त्याने घन मारला ते रेघ मारून दुरुस्त होत नाही. पण खणातली पाटी काढून स्टेशनाला लावली, आणि कॅबिनमध्ये बोटाएवढा माणूस उभा केला. त्याच्या खांद्यावर फडकं आहे. हरिबाने तो हातात घेऊन पाहिला आणि म्हणाला की नाक माझ्यापेक्षा चांगलं केलंय.

साडेअकराला मालगाडी पुन्हा सिग्नलबाहेर आली. मी चादरीमागून विचारलं, दोन नंबर खाली हाय का? उत्तर आलं, मला लागलं नाही. मी म्हणालो, काय? तो पुन्हा बोलला. यंत्र शिट्टी मारत होतं. मी पुन्हा म्हणालो, काय? सगळी खोली ऐकत होती आणि माझे कान तापले होते. तेव्हा चादर बाजूला झाली, हरिबा आत आला, माझ्या उजव्या कानाशी वाकला आणि म्हणाला, “न्हाई. न्हाई.”

मालगाडी नऊ मिनिटं बाहेर उभी राहिली. आसारामांनी विचारलं, उशिराचं कारण काय लिहू? मी त्यांच्या हातातून पेन घेतलं आणि स्वतः लिहिलं: स्टेशन मास्तरांना ऐकू आलं नाही. खाली सही केली. हरिबाने ती ओळ बोट ठेवून वाचली आणि कॅबिनवर गेला. वाघिणी काढून झाल्यावर त्याने फोन फिरवला. मी यंत्र काढून ठेवलं आणि फोन उजव्या कानाला घट्ट दाबून धरला.

“दोन नंबर खाली हाय, हाय.”

दोन्ही ऐकू आले.

मोहरी या वेळी सांडली नाही, वहिनी खूश आहे. तू आता ये. रुसलेली माया सोबत आणलीस तरी चालेल, लाडू दोघींना पुरतील.

तुझा
दादा